कांचनची तयारी

"सत्तेचाळीस नंबर! कांचन विलास मोहिते!"

शिपायानं पुकारा केला आणि उठून उभी राहिले ती मीच. कांचन कुठाय? बघते तर बाईसाहेब सभागृहाच्या दाराशी, चपलांच्या ढिगात. आल्यागेल्याच्या चपला जोडीजोडीनं लावण्यात दंग. तेरा वर्षांची थोराड पोर, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी आणि अंगात शाळेचाच गणवेश, कारण त्याहून बरा कपडा तिच्याकडं नव्हता.

"कांचन, ऊठ! नंबर आला."

"बाई, ही एकटी डावीच हाय. उजवी कुठं गेली?"

"चुलीत गेली उजवी! ऊठ म्हणते ना."

ती उठली, हात फ्रॉकला पुसले. तिची आई शालन माझ्यामागं पदराचं टोक दातात धरून उभी होती. मी कांचनचे खांदे धरले आणि तिला माझ्याकडं वळवलं.

"सगळं आठवतंय ना?"

"व्हय बाई."

"घाई करायची नाही. आधी ऐकायचं, मग बोलायचं. आणि खाली बघून बोलायचं नाही."

"व्हय बाई."

ती शिपायामागून आतल्या खोलीत गेली. दार बंद झालं.

वीस वर्षं झाली या गोष्टीला. मे महिना होता, आणि तालुक्याच्या पंचायत समितीच्या सभागृहात शिबिर भरलं होतं. तपासणी करून मुलांना मतिमंदत्वाचं प्रमाणपत्र द्यायचं शिबिर. तेव्हा कागदावर हाच शब्द असायचा. वर्षातून एकदा मानसतज्ज्ञ यायचे, दिवसभर मुलं तपासायचे आणि चार वाजता जीपमध्ये बसून परत जायचे. त्या दिवशी जे हुकलं ते वर्षभर हुकलं.

आता मी कोण ते सांगते. मी माणगावे बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली, सातवीचा वर्ग कायम माझ्याकडं. शिष्यवृत्तीला मुलं बसवावीत तर माणगावे बाईंनी, असं चार गावांत बोललं जायचं, आणि ते ऐकायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? माझ्या हाताखालून गेलेलं पोर नापास झालं, हे वाक्य मला सहन व्हायचं नाही. नाकावर राग होता, जिभेवर धार होती. पोरं मला टरकून असत. त्याचाही मला अभिमान होता.

आणि माझ्याच वर्गात ही कांचन. पहिलीपासून सगळ्यांनी तिला नुसतं वर ढकललेलं. स्वतःचं नाव लिहायची, वीसपर्यंत मोजायची, तेही तेरानंतर अडखळत. पण वर्गातल्या एकेचाळीस पोरांच्या चपला डोळे झाकून ओळखायची. कुणाची तुटली, कुणी धाकट्या भावाची घालून आला, सगळं तिला ठाऊक. कुणी रडलं की त्याच्यापाशी जाऊन बसायची. चिडवलं तरी चिडवणाऱ्याबरोबर हसायची. शाळा तिला प्राणाहून प्यारी होती. रविवारीसुद्धा दप्तर घेऊन फाटकाशी येऊन उभी राहायची.

कारण घरी तिच्या वाट्याला काय होतं? बाप ट्रकवर, महिन्यातून दोनदा उगवायचा. शालन टोमॅटोच्या रोपवाटिकेत कामाला. सुट्टी असली की शालन पोरीला घरात ठेवून बाहेरून कडी घालून जायची. मी एकदा तिला खूप बोलले होते त्यावरून. ती म्हणाली, "बाई, वयात आलेली पोर हाय. कुणीबी हाक मारली तर ती त्याच्यामागं हसत जाती. मी काय करू सांगा."

आमची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला हायस्कुलात जायचं. तिथले हेडमास्तर निकम सर. त्यांनी मला तोंडावर सांगितलं, "बाई, प्रमाणपत्र आणा, उद्या दाखल करून घेतो. सवलतीत बसवीन, गणिताला पर्याय देईन, फिरते विशेष शिक्षक आठवड्याला येतील. प्रमाणपत्र नसेल तर मला निकाल बघावा लागतो." म्हणजे सगळं एका कागदावर आलं. कागद मिळाला तर शाळा, नाही मिळाला तर ती कडी.

मग सरळ शिबिराला घेऊन जायचं की नाही? नाही! मी माणगावे बाई ना. शेजारच्या गावातल्या एका शिक्षिकेनं मला घाबरवून ठेवलं होतं. तिच्या वर्गातलं पोर आदल्या वर्षी शिबिराला गेलं, एक अक्षर बोललं नाही आणि कागदावर 'तीव्र' असं लागलं. मग म्हणे, हे पोर साध्या शाळेत टिकणार नाही, जिल्ह्याच्या निवासी शाळेत पाठवा. पोर गेलं नव्वद किलोमीटर लांब. आई दर पंधरा दिवसांनी रडत जाते, रडत येते. माझ्या मनानं घेतलं की कांचनचं असं होऊ द्यायचं नाही. तिला 'सौम्य' मिळालं पाहिजे. त्यासाठी चार उत्तरं बरी आली पाहिजेत. त्या शिक्षिकेनं खोलीबाहेर उभं राहून प्रश्न ऐकले होते आणि वहीत उतरवले होते. बावीस प्रश्न. दरवर्षी तेच, त्याच क्रमानं. शिवाय एक लाकडी पाटी, तिच्यात गोल, चौकोन, चांदणी असे दहा ठोकळे बसवायचे, घड्याळ लावून. मी वही आणली आणि गावच्या सुताराकडून हुबेहूब पाटी करून घेतली.

मार्चपासून रोज संध्याकाळी सहा ते साडेसात, कांचन माझ्या घरी. पासष्ट दिवस. शिष्यवृत्तीच्या पोरांची घेत होते तशीच तयारी घेतली, माझ्या पद्धतीनं.

तर आता दार बंद झालं आणि मी व्हरांड्यातून वळसा घालून खिडकीखाली गेले. खिडकीला जाळी होती, आवाज स्वच्छ येत होता.

"नाव काय बाळ तुझं?" हे डॉक्टर तांबोळी. तिशीतला माणूस, सकाळपासून बोलून घसा बसलेला.

"कांचन विलास मोहिते."

"गाव?"

"बेलवंडी वाडी."

"वय किती?"

"तेरा."

"गाईला पाय किती?"

"चार."

"आठवड्यात वार किती?"

"सात."

"बोट कापलं तर काय करशील?"

"पाण्यानं धुवीन, हळद लावीन, आईला सांगीन."

खाडखाड. एकही अडखळणं नाही. मी बोटांवर मोजत होते. संत्रं आणि केळं? दोन्ही फळं. सूर्य कुठं उगवतो? पूर्वेला. काय सांगू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बारा झाले, पंधरा झाले, अठरा झाले. शिष्यवृत्तीच्या निकालाला सुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. मग लाकडाची टकटक ऐकू आली. ठोकळे. मी माझ्या घड्याळाकडं बघितलं. एकवीस सेकंद! घरी कधी पंचवीसच्या आत आली नव्हती.

"अरे वा!" डॉक्टर म्हणाले.

खरं तर त्या 'अरे वा'लाच मला कळायला हवं होतं. कळलं नाही. गर्वानं कान बंद झाले होते.

मग त्यांनी शालनला आत बोलावलं. तिलाही मी पढवून ठेवलं होतं: काही विचारलं तर सगळं येतं म्हण, पोरीला कमी लेखू नको. शालननं तसंच केलं. आंघोळ? स्वतः करते. दुकानातून सामान आणते? आणते. एकटी राहते? राहते. पाच मिनिटांत मायलेकी बाहेर आल्या आणि मागून डॉक्टर, हातात फॉर्म.

"तुम्ही शिक्षिका ना? छान तयार झालीय मुलगी. थोडी मंद आहे, पण या यादीत बसत नाही. शहात्तर आलाय बुद्ध्यांक. सत्तरच्या आत असेल तरच प्रमाणपत्र देता येतं."

शहात्तर. लाज वाटते सांगायला, पण पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. फक्त एका क्षणासाठी. कारण लगेच टेबलावरच्या कारकुनानं तो फॉर्म घेतला, त्यावर लाल शाईत 'अपात्र' लिहिलं आणि डाव्या हाताच्या गठ्ठ्यात टाकला. वर चढवायला निघाले होते, आणि एकदम सत्तरच्या पलीकडंच नेऊन ठेवलं होतं मी तिला.

शालननं मात्र वाकून डॉक्टरांच्या पायाला हात लावला. "साहेब, तुमचं लई उपकार. माझी पोरगी ठीक हाय म्हणला तुम्ही. तेरा वरसं झाली, असं कुणी म्हणलं न्हवतं." आणि तिथंच मटकन बसली, रडायला लागली, रडता रडता हसायला लागली. मग उठून बाकावरच्या बायकांकडं गेली. बिचाऱ्या सकाळपासून आपापली मुलं धरून बसलेल्या. "माझी न्हाई बरं का त्यातली. डाक्टरच म्हणलं." त्या बायका तिच्याकडं बघत राहिल्या. एकीनं आपल्या मुलाचं तोंड पदरानं पुसलं आणि मान वळवली.

घड्याळात तीनला दहा कमी होती. उरलेली तीन मुलं, आणि चारला जीप.

मी शालनला बाजूला घेतलं. "शालन, ऐक. कागद मिळाला नाही."

"कशाला पायजे आता कागद? ठीक हाय की ती."

"निकम सर घेणार नाहीत."

"घेत्याल की! आता डाक्टरच सांगतोय ठीक हाय म्हणून. मी जाती त्यांच्याकडं."

"अगं, घेतलं तरी काय? सगळ्यांसारखा पेपर तिच्यापुढं टाकतील. बीजगणित टाकतील. सहामाहीला सगळ्या विषयांत नापास होईल, मग दिवाळीनंतर घरी. आणि घरी काय आहे ते तुला माहिताय."

शालननं माझ्याकडं असं बघितलं, की मी दोन पावलं मागं सरले.

"बाई, तुमास्नी ती येडीच ठरवायची हाय का?"

एकीकडं त्या बाईचा तेरा वर्षांनी आलेला आनंद, दुसरीकडं पोरीचं अख्खं आयुष्य, आणि मधे मी. मला गप्प बसता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. निकम सरांनी नाही म्हटलं असतं, शालननं त्यांना शिव्या दिल्या असत्या आणि मी जूनमध्ये नवी सातवी घेतली असती. हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. चांगला दहा-पंधरा मिनिटं होता. मधे दोन मुलं आत जाऊन आली, त्यांचे नंबर मी ऐकले, आणि मी तशीच खांबाला टेकून उभी. कांचन पुन्हा चपलांत जाऊन बसली होती. "बाई, घावली उजवी!" असं ओरडून तिनं मला चप्पल दाखवली. बाकावरची एक म्हातारी हसली.

मी खांब सोडला आणि दार ढकलून सरळ आत गेले.

"डॉक्टर, सत्तेचाळीस नंबर पुन्हा तपासा."

ते एका मुलासमोर ठोकळे मांडत होते. "बाई, बाहेर थांबा."

"पुन्हा तपासा म्हणते मी."

त्यांनी त्या मुलाला आईकडं दिलं आणि खुर्चीत मागं टेकले. आवाज शांत होता, पण बोचरा. "लोक इथं कागदावर मतिमंदत्वाचे टक्के कमी लागावेत म्हणून रडतात, नाहीतर जास्त लागावेत म्हणून भांडतात. सवलती असतात, मला कळतं. चांगली मुलगी आहे. तिच्यावर शिक्का मारून घ्यायची तुम्हाला एवढी हौस का?"

"हौस?" माझा पारा चढला. "मला हौस? त्या पोरीसाठी मी दोन महिने..." आणि मी थांबले.

"दोन महिने काय?"

बाहेर कारकून गठ्ठ्यांना दोऱ्या बांधत होता. दार उघडंच होतं आणि शालन दारात येऊन उभी राहिली होती. अठ्ठावीस वर्षांत मी हजार पोरांना सांगितलं असेल, चूक केलीस ना, मग सांग मोठ्यानं. किती कठीण असतं ते मला पहिल्यांदा कळलं.

"दोन महिने मी तिची तयारी करून घेतली. तुमचे बावीसच्या बावीस प्रश्न. क्रमानं. पाटीसुद्धा करून घेतली होती तशीच. तिला सौम्य मिळावं म्हणून. ती जे बोलली ते तिचं नाही, डॉक्टर. माझं आहे. आणि आईला पण मीच सांगितलं होतं, सगळं येतं म्हण."

डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग शिपायाला हाक मारली, "त्या मुलीला बोलवा. आईपण आत येऊ द्या. आणि बाई, तुम्ही थांबा इथंच."

कांचन आली. मला आत बघून तिला जरा आश्चर्य वाटलं असावं. शिकवल्यासारखी टेबलासमोर ताठ उभी राहिली, नजर वर.

"नाव काय तुझं?"

"कांचन विलास मोहिते."

"तुझ्या आईचं नाव काय?"

"बेलवंडी वाडी."

शालनचा हात तोंडावर गेला. डॉक्टरांनी तोच सूर ठेवला, जराही घाई नाही.

"गाईला पाय किती असतात?"

"तेरा."

"बोट कापलं तर काय करशील?"

"चार."

"कांचन, इकडं बघ बाळ. सूर्य कुठं उगवतो?"

"सात."

खोलीत पंखा घरघरत होता. मला वाटलं, आता बस्स. आता नका विचारू. एक-एक उत्तर पाठ, आणि एकाही प्रश्नाचा पत्ता नाही. पासष्ट दिवस मी तिला काही म्हणता काही शिकवलं नव्हतं. आणि तिनं? तिनं माझ्यासाठी बावीस निरर्थक आवाज ओळीनं पाठ केले होते, बाई खूश व्हाव्यात म्हणून.

काहीतरी चुकतंय हे तिला कळलं. माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असणार. ती डॉक्टरांकडं बघेना, माझ्याकडं बघायला लागली. ओठ हलत होते, सुरुवातीपासून पुन्हा म्हणून बघत असावी. मग तिनं डावा हात पुढं केला. तळवा वर, बोटं ताठ. मान दुसऱ्या बाजूला वळवली आणि डोळे गच्च मिटले.

"काय हवंय बाळा?" डॉक्टरांनी विचारलं.

तिला काही नको होतं. ती फूटपट्टीची वाट बघत होती.

मी कुणाकडं बघू शकले नाही. डॉक्टरांना उशिरा कळलं. शालनला आधी कळलं. ती पुढं आली, पोरीचा तो पुढं केलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि हळूच खाली केला. कांचननं एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं. "बाई, आज न्हाई?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं नाही. ते शालनशी बोलायला लागले. "बाई, आता मी तुम्हाला विचारतो. खरं काय असेल ते सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आंघोळ?"

शालननं दाराबाहेरच्या बाकाकडं बघितलं. मघाशी बाहेरच्या बायकांना जे सांगून आली होती, ते आता तिला स्वतःच्या तोंडानं पुसायचं होतं.

"मी घालती," ती म्हणाली.

"केस विंचरते?"

"न्हाई."

"दुकानात जाते?"

"जाती, पर काय आणायचं ते वाटंत इसरती. पैसं कळत न्हाईत."

"पाळीच्या वेळी?"

"मीच बघती सगळं." शालननं डोळे पुसले. "पर साहेब, ती वाईट न्हाई हो. कुणाचं वाईट करत न्हाई."

"मला दिसतंय ते." त्यांनी पिशवीतून वेगळे ठोकळे आणि चित्रं काढली, जी मी कधी पाहिली नव्हती. कांचनला खुर्चीवर बसवलं, तिच्या खुर्चीशेजारी आपली खुर्ची घेतली. पहिल्या चित्रावर ती गप्प बसली. त्यांनी तिला गप्प बसू दिलं. दुसऱ्यावर चुकीचं सांगितलं, ते "बरं" म्हणाले. तिसऱ्यावर बरोबर आलं, तेव्हाही "बरं" म्हणाले. थोड्या वेळानं तिचे खांदे उतरले आणि ती चित्रातल्या बाईकडं बोट दाखवून हसली, "हिनं दुसऱ्याच्या चपला घातल्यात. मोठ्या हायत हिला." डॉक्टरांनी चित्र उचलून डोळ्यांजवळ धरलं. चारपाच वर्षं तरी ते चित्र ते पोरांना दाखवत असतील. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"खरंच की," ते म्हणाले. मग फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहिलं. "याला फॉर्मवर रकाना नाही. पण जी शिक्षिका हिला शिकवेल तिनं हे वाचावं."

चारला पाच कमी असताना कारकुनानं 'अपात्र'वर रेघ मारली आणि कुरकुरत दुसरा शिक्का शोधला. बुद्ध्यांक एकोणसाठ. सौम्य. सामान्य शाळेत सवलतींसह शिक्षण द्यावे, अशी शिफारस. ज्यासाठी मी एवढा आटापिटा केला होता तेच, अक्षरशः तेच. पोरीला जशी आहे तशी घेऊन आले असते तरी मिळालं असतं.

एस.टी. स्टँडवर आम्ही तिघी बाकावर बसलो. गाडीला अर्धा तास होता. मधे कांचन, तिच्या मांडीवर प्रमाणपत्राची पिशवी, हातात शेंगदाण्याचा लाडू. शालन एका शब्दानं बोलली नव्हती. मला ते सोसवेना.

"शालन, काहीतरी बोल. शिव्या दे मला."

"शिव्या दिऊन काय हुतंय."

"मग काय करू सांग."

ती समोरच्या गाड्यांकडं बघत होती. "रोज तुमच्याकडनं यायची ना ही, सांजंची. डाव्या हाताची मूठ झाकून यायची. किती इचारलं तरी उघडायची न्हाई. मी म्हणायची, बाईंनी खाऊ दिला आसंल. मागनं एकटी खाती आसंल." ती थांबली. "शेजारणीला सांगितलं मी. म्हणलं, बाई लई जीव लावत्यात माझ्या पोरीला."

मला रडू आलं. भर स्टँडवर, ओळखीचे लोक जात-येत होते, मी तोंडात पदर कोंबून रडले. कांचननं लाडू मोडला, अर्धा माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली, वर्गात रडणाऱ्या पोरांच्या पाठीवरून फिरवायची तसाच. मला तो हात बाजूला करता येईना, आणि राहू देववेना.

"आज तुम्ही बोलला नसता तर कागद मिळाला नसता," शालन म्हणाली. "ते मला कळतंय. म्हणून सांगती. हायस्कुलाला अजून महिना हाय. तिला शिकवायचं थांबवू नगा. पर आता ती तुमच्याकडं येणार न्हाई. तुम्ही आमच्याकडं या. माझ्यादेखत बसून शिकवा."

"येते," मी म्हटलं. "उद्यापासूनच येते."

गाडी लागली. शालननं कांचनला उठवलं, पिशवी आपल्या काखेत घेतली आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता मागं वळली.

"आन् बाई, रिकाम्या हातानं या."